खाडीकाठचे पक्षी आणि भरतीचे वेळापत्रक

कोकण किनाऱ्यावरील अनेक गावांत शाळेपासून खाडी हाकेच्या अंतरावर असते. निसर्गनिरीक्षणासाठी मुलांस कोठे न्यावे हा प्रश्न तेथील शिक्षकांस पडू नये. प्रत्यक्षात अनुभव मात्र बहुधा निराळा येतो. सकाळची प्रार्थना आटोपून, मुलांच्या रांगा लावून शिक्षक खाडीवर जातात. समोर करड्या चिखलाचा विस्तीर्ण पट्टा पसरलेला असतो. त्यातून पाण्याची एक बारीक धार वाहत असते, पलीकडच्या कडेला काही ठिपके हलताना दिसतात, आणि काठावर एखादा बगळा एका पायावर उभा असतो. अर्ध्या तासात मुले कंटाळतात, खडे फेकू लागतात, आणि ‘येथे पक्षी फारसे नाहीत’ असा शेरा वहीत लिहून वर्ग परत येतो. तीन-चार तासांनी त्याच काठावर शेकडो पक्षी दाटीवाटीने उभे असतात. परंतु ते पाहावयास त्या वेळी तेथे कोणी नसते.

या फसलेल्या सहलीत दोष शिक्षकांच्या नजरेचा नसतो किंवा मुलांच्या उत्साहाचाही नसतो. दोष घड्याळाचा असतो. रानातील आणि शेतातील बहुतेक पक्षी सूर्याच्या घड्याळाप्रमाणे चालतात. पहाटे व सायंकाळी ते अधिक दिसतात, हा नियम मुलांसही ठाऊक असतो. खाडीतील पक्ष्यांचे घड्याळ मात्र चंद्राच्या हाती आहे. ओहोटीने चिखल उघडा पडला की त्यांचे जेवण सुरू होते, आणि भरतीने तो झाकला की थांबते. मध्यरात्री चिखल उघडा पडला तर यांपैकी पुष्कळ पक्षी मध्यरात्रीही चरतात. म्हणून खाडीवर जाण्यापूर्वी कोणते पक्षी दिसतील हे विचारण्याऐवजी पाणी कोठे असेल हे प्रथम विचारावे.

पाणी कोठे असेल हे सांगण्याचे साधन प्रत्येक शाळेत भिंतीवर टांगलेले असते. ते म्हणजे तिथी दाखविणारी दिनदर्शिका. किनाऱ्यावरील मच्छीमारांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला एक हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीस आठ पाऊण सहा, म्हणजे सहा वाजता. त्रयोदशीस तेरा पाऊण पावणेदहा. हिशेब शुक्ल व कृष्ण दोन्ही पक्षांस सारखाच लागू पडतो. पहिल्या भरतीनंतर सुमारे साडेबारा तासांनी दुसरी भरती येते आणि दोहोंच्या मधोमध ओहोटी असते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत असत. आज पाऊणकी कशासाठी, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास खाडीकाठच्या गावी याहून चांगले उत्तर देता येणार नाही.

हा हिशेब ठोकळ आहे, हे मुलांस अवश्य सांगावे. ते का, हेही त्यांस समजण्यासारखे आहे. चंद्र रोज सरासरीने सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीसच मिनिटे. प्रत्येक तिथीस राहिलेली ही थोडीथोडी तूट साठत जाते, त्यामुळे पक्षाच्या अखेरीस खरी भरती हिशेबापेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा येते. शिवाय हा मेळ मुंबई व अलिबाग यांच्या परिसरातील समुद्रकिनाऱ्यास चांगला बसतो. खाडीच्या मुखापासून जसजसे आत जावे तसतशी भरती आणखी उशिरा पोहोचते. छापील कोष्टक मिळाल्यास हिशेब त्याच्याशी ताडून पाहावा आणि पडलेला फरक वहीत लिहावा. दोन महिन्यांत आपल्या गावाचा फरक मुलांच्या तोंडी बसतो.

पाण्याची चढउतारही रोज सारखी नसते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास, किंबहुना त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाण येते. तेव्हा पाणी फार वर चढते आणि तितकेच खाली जाते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो. तेव्हा ते ना पुरते चढत, ना पुरते उतरत. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाच्या दिवशी हा फरक चार मीटरांहूनही अधिक असतो. दक्षिणेकडे जावे तसा तो कमी होतो. उधाणाच्या भरतीस सारा चिखल झाकला जाऊन पक्ष्यांस काठावर यावेच लागते, तर भांगाच्या भरतीस मधले काही उंचवटे उघडेच राहतात आणि पक्षी तेथेच थांबतात. हा भेद ध्यानात घेतला नाही तर निरीक्षण फसते.

एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे विवेचन सोपे होईल. रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस आक्षी हे गाव आहे. तेथील प्राचीन शिलालेखामुळे मराठीच्या शिक्षकांस ते नावाने परिचित असते. गावाच्या उत्तर अंगास साखर-आक्षीची लहानशी खाडी समुद्रास मिळते. मुखाशी वाळूची पुळण, आत चिखल, कडेने तिवरांची झाडी, मागे सुरूचे बन, अशी सारी रचना थोड्या जागेत एकवटलेली आहे. हिवाळ्यात पक्षिनिरीक्षक तेथे मुद्दाम जातात. अशी शेकडो लहानमोठी स्थळे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली आहेत. आक्षीचे नाव झाले इतकेच.

अशा पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर सकाळी गेल्यास सूर्य पाठीशी राहतो आणि समोरच्या पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. सायंकाळी तेच पक्षी केवळ काळ्या आकृत्या होतात. म्हणून वेळ सकाळची हवी, आणि त्या वेळी पाणी चढते हवे. चढते पाणी पक्ष्यांस दूरच्या चिखलावरून हळूहळू आपल्याकडे ढकलत आणते. निरीक्षकाने केवळ एका जागी बसून राहावयाचे असते. पाऊणकीने हिशेब केल्यास द्वादशी, त्रयोदशी व चतुर्दशी या तिथींस सकाळी नऊ ते साडेदहाच्या सुमारास भरती पुरी होते, असे दिसून येईल. ज्या शनिवारी सकाळची शाळा असते व यांपैकी एखादी तिथी येते, तो शनिवार दिनदर्शिकेवर आधीच खूण करून ठेवावा. भरतीच्या दोन तास आधी वर्ग काठावर बसलेला असावा.

आता एका शाळेतील मुलांनी प्रत्येक शनिवारी सकाळी साडेआठ वाजता पक्षी मोजण्याचे ठरविले असे समजू. पहिल्या शनिवारी त्रयोदशी आहे, भरती पावणेदहानंतर. पाणी चढत आहे, पक्षी जवळ आलेले आहेत. मुलांनी सहाशे मोजले. पुढच्या शनिवारी पंचमी येते. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला भरती होऊन गेली आणि दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी आहे. साडेआठला पक्षी दूरवर विखुरलेले असतात. मुलांनी चाळीस मोजले. ‘एका आठवड्यात पाचशे साठ पक्षी निघून गेले’ असा निष्कर्ष वर्गात निघेल, आणि तो सर्वस्वी खोटा असेल. पक्षी तेथेच होते. तिसऱ्या शनिवारी द्वादशी येईल आणि पुन्हा सहाशेच्या आसपास आकडा येईल. मुलांनी मोजले ते बरोबर; तुलना मात्र चुकीच्या दिवसांची केली. खाडीवरील मोजणी आठवड्याने ताडून पाहू नये, पंधरवड्याने पाहावी. पंधरवड्याने पाणी जवळजवळ त्याच वेळी त्याच जागी येते.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, पक्ष्यांची संख्या घटली अथवा वाढली, असे पुष्कळदा केवळ आठवणीवर विसंबून बोलले जाते. गावातील वडीलधारी माणसे ‘पूर्वी येथे पाखरांचे थवे उतरत’ असे म्हणतात. ते खरेही असेल. परंतु पाण्याची स्थिती नोंदविलेली दहा वर्षांची एक वही कोणत्याही शाळेत असती, तर त्या गावापुरते ते खरे की खोटे हे निश्चित सांगता आले असते.

चिखलात पक्ष्यांस मिळते तरी काय? वरून निर्जीव दिसणारा हा गाळ आतून गजबजलेला असतो. नदीने आणलेली माती, तिवर-चिपींची कुजलेली पाने आणि समुद्राचे क्षार यांच्या मिश्रणावर सूक्ष्म शैवाल वाढते. त्यावर किडे, गोगलगायी, शिंपले व खेकडे जगतात. ओहोटीच्या वेळी काठावर पाच मिनिटे निश्चल बसल्यास बिळाबिळांतून खेकडे बाहेर येतात. त्यांत एक नांगी दुसरीच्या कितीतरी पट मोठी असलेला नर मुलांस फार आवडतो. निवट्या उड्या मारताना दिसतात. या विषयात शिक्षकांपेक्षा कोळीवाड्यातील मुलांस अधिक कळते. खुबे कोठे काढावेत, तिसऱ्या कोठे मिळतात, कोणत्या चिखलात पाय रुततो, हे त्यांनी आईबरोबर जाऊन शिकलेले असते. एरवी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा असा एखादा मुलगा किंवा मुलगी खाडीवर पुढे येऊन बोलू लागते. शिक्षकांनी त्या वेळी पुस्तक मिटून ऐकावे.

एकाच चिखलावर पाच-सात जातींचे पक्षी शेजारी-शेजारी चरतात आणि तरी त्यांचे फारसे भांडण होत नाही, ही गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. उत्तर त्यांच्या चोचींत आहे. चिखल्या हा आखूड चोचीचा, मोठ्या डोळ्यांचा, मुठीएवढा पक्षी. तो चार पावले पळतो, थबकतो, टक लावून पाहतो, एक टोच मारतो आणि पुन्हा पळतो. त्याचे सारे काम नजरेचे, म्हणून त्याचे भक्ष्य पृष्ठभागावरचे. लाल पायांचा रेडशँक अंगठ्याहून लांब अशा सरळ चोचीने थोडे खोल टोचतो. गॉडविटची चोच त्याहून लांब व किंचित वर वळलेली. आणि कर्ल्यू या मोठ्या तपकिरी पक्ष्याची चोच वीतभर लांब, विळ्यासारखी खाली वाकलेली. ती खेकड्याच्या बिळात सरळ आत उतरते. रेडशँक, गॉडविट, कर्ल्यू हे सारे एकाच कुळातले. या कुळातील पक्ष्यांच्या चोचीचे टोक केवळ हाडाचे नसते. त्यात सूक्ष्म खळगे असून त्यांत स्पर्शाचे ज्ञानतंतू असतात. चिखलाच्या आत न पाहताही किडा कोठे हलला हे त्यांस कळते. यांपैकी अनेकांस चोच बंद ठेवून केवळ तिचे टोक उघडता येते, त्यामुळे तोंडात चिखल न भरता घास पकडता येतो.

वर्गात हा भाग शिकविण्यास एक सोपा प्रयोग पुरेसा आहे. एका घमेल्यात ओला गाळ घेऊन त्यात वेगवेगळ्या खोलीवर चिंचोके पुरावेत आणि मुलांस आखूड काडी, लांब काडी व वाकडी तार देऊन ते न पाहता शोधावयास सांगावे. कोणत्या साधनाने कोणत्या खोलीवरचे चिंचोके निघतात हे पाहिल्यावर चोचींचा धडा निराळा शिकवावा लागत नाही.

पाण्यात उभे राहून चरणारे पक्षी याहून वेगळे. शेकाट्याचे गुलाबी पाय इतके लांब असतात की गुडघाभर पाण्यातही त्याचे पोट कोरडे राहते. चमचा हा पांढरा पक्षी आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत चालतो. बगळ्यांत एक गंमत आहे. किनाऱ्यावरील समुद्र-बगळा राखी-काळाही असतो आणि पांढराही असतो. जात एकच, रंग दोन. पांढरा समुद्र-बगळा व लहान बगळा यांत मोठ्यांचाही गोंधळ होतो, म्हणून पहिल्या वर्षी मुलांस ‘पांढरा बगळा’ इतके लिहू द्यावे. पुळणीवर लाटेच्या पुढे-मागे धावणारे फिकट पांढरे लहान पक्षी म्हणजे सँडरलिंग. लाल चोचीचा, काळापांढरा, ऐटबाज असा ऑयस्टरकॅचर आक्षीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दिसतो. शिंपल्यांची जोडलेली झाकणे तो चोचीने उघडतो. कुरव व सुरय हे हवेतून फिरणारे. वाळूवर विसाव्यास उतरले म्हणजे सारे एकाच दिशेस, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. वाऱ्याची दिशा लिहिण्यास मुलांस याहून चांगला वातकुक्कुट मिळावयाचा नाही.

नावांविषयी येथे थोडे बोलणे अवश्य आहे. या पक्ष्यांतील पुष्कळांस सर्वत्र रूढ असे मराठी नाव नाही. कोशातील नाव एक, गावातील दुसरे, आणि दोन गावांपलीकडे तिसरे, अशी स्थिती आहे. शिक्षकांनी त्यामुळे संकोचू नये. मुलांनी घरून आणलेले नाव वहीत प्रथम लिहावे, पुस्तकातील नाव मागून लिहावे, आणि दोहोंपैकी काहीच न मिळाल्यास वर्णन लिहावे : उंची, चोच, पायांचा रंग, चालण्याची रीत, आवाज. ‘लाल पाय, उडताना पंखांची मागली कड पांढरी, सर्वांच्या आधी ओरडतो’ एवढे लिहिणाऱ्या मुलाने रेडशँक पाहिला यात शंका नाही, मग त्यास नाव ठाऊक असो वा नसो. चिखल्यांच्या दोन-तीन सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या ओळखता न आल्यास सर्वांस ‘चिखल्या’ म्हणावे. चुकीचे निश्चित नाव लिहिण्यापेक्षा बरोबर अनिश्चित नाव लिहिणे केव्हाही चांगले.

मोजताना प्रथम दहा पक्षी बोटाने मोजावेत, त्या दहांनी थव्याची किती जागा व्यापली हे पाहावे, आणि तेवढ्या जागा सबंध थव्यात किती बसतात ते पाहावे. चार मुलांनी एकमेकांस न सांगता मोजून चारही आकडे लिहावेत. ते जुळावयाचे नाहीत. त्यांतील अंतर पाहूनच अंदाज म्हणजे काय ते मुलांस समजते. १९८७ पासून दर जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होते, तीतही मोठे थवे याच रीतीने मोजले जातात.

शाळेचे वर्ष आणि या पक्ष्यांचे वर्ष यांचा मेळ बरा बसतो. ऑगस्टमध्ये पावसाचा जोर असतानाच पहिले पाहुणे येतात. शेपूट सतत खालीवर हलविणारी तुतारी त्यांत आघाडीस असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात थवे वाढतात. किनारपक्ष्यांच्या अनेक जातींत प्रौढ पक्षी पुढे निघून येतात आणि त्या वर्षी जन्मलेली पिले मागाहून, आईबापांवाचून, कधी न पाहिलेल्या किनाऱ्याची वाट शोधीत येतात. ही माहिती ऐकल्यावर वर्गात क्षणभर शांतता पसरते. आपल्या खाडीवरील चिखल्यांपैकी पुष्कळ हिमालय व तिबेटच्या पठारावरून आलेले असतात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेटमधील सरोवरांवर घरटी करतो. गॉडविट सायबेरियाकडून येतात. गॉडविटच्याच एका जातीतील, अंगावर यंत्र बसविलेल्या एका तरुण पक्ष्याने २०२२ साली अलास्कापासून टास्मानियापर्यंतचे सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कोठेही न उतरता पार केले. भूगोलाच्या तासास नकाशावर ही रेघ दोऱ्याने मोजून घ्यावी.

मार्चपासून या पक्ष्यांत दोन बदल होतात. डिसेंबरात मातकट असलेल्या चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा चढतो, गॉडविट विटकरी होतो. मुलांस ते नवेच पक्षी वाटतात. दुसरा बदल डोळ्यांस तितकासा दिसत नाही : ते अधाशासारखे खाऊ लागतात. परतीच्या उड्डाणाचे इंधन म्हणजे अंगातील चरबी, आणि ती याच चिखलातून, भरती-ओहोटीने दिलेल्या मोजक्या तासांत मिळवावयाची असते. जेमतेम साठ-सत्तर ग्रॅमच्या चिखल्यास हिमालय ओलांडावयाचा आहे. त्या दिवसांत कुत्र्यांनी किंवा हौशी माणसांनी थवा दहा वेळा उठविला, तर दहा वेळचे इंधन जळते आणि चरण्याचा वेळही जातो. म्हणून पक्ष्यांस उडवून छायाचित्र घेण्याची किंवा ‘उडताना कसे दिसतात’ ते पाहण्याची मुलांची इच्छा शिक्षकांनी ठामपणे मोडावी. थवा माना वर करून स्तब्ध झाला की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि तेथेच खाली बसावे. उभ्या माणसास भिणारे पक्षी बसलेल्या माणसाच्या पुष्कळ जवळ येतात. आक्षीपासून जवळच किहीम येथे सलीम अली यांनी १९३० साली सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण केले ते याच रीतीने, एका जागी तासन् तास बसून.

खाडीकाठच्या जमिनीस लोक ‘पडीक’ म्हणतात. भराव टाकावयास, कचरा लोटावयास ती जागा सोयीची वाटते. तिवर-कांदळांच्या झाडीविषयी आता बरीच जागृती झाली आहे. राज्यात २०१२ साली त्यासाठी कांदळवन कक्ष स्थापन झाला. उघड्या चिखलाचे तसे नाही. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत जिवंत चिखलपट्ट्यांचा समावेश असला, तरी लोकांच्या मनात चिखल तो चिखलच. उत्साही शाळा कधी कधी वृक्षारोपणासाठी नेमका हाच उघडा चिखल निवडतात. हेतू चांगला असतो, पण तेथे झाडी माजली की चिखल्या व कर्ल्यू यांचे चरण्याचे ताट हिरावले जाते. त्यांस चारी बाजूंनी मोकळी नजर लागते. जेथे पूर्वी झाडी होती व तुटली तेथे ती लावावी; मोकळा चिखल मोकळाच ठेवावा. भरतीच्या वेळी पक्षी जेथे दाटीने विसावतात तो बांध, पुळण किंवा पडीक मिठागर यांचेही महत्त्व तितकेच आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या गावाचा नाही. कर्ल्यूचा एक सडपातळ चोचीचा भाऊबंद सायबेरियाकडून भूमध्य समुद्राच्या काठी हिवाळ्यास येत असे. तो १९९५ साली मोरोक्कोच्या किनाऱ्यावर शेवटचा निश्चितपणे दिसला, आणि २०२५ साली त्याची नोंद नामशेष जातींत झाली. तो कमी होत असल्याचे ध्यानी आले तेव्हा फार उशीर झालेला होता. भारतातही लांबच्या प्रवासावरून येणारे किनारपक्षी घटत असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अहवालात दिसून आले.

ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांविषयी मुले हमखास विचारतात. त्या खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली तिला पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. हजारो गुलाबी पक्षी एकत्र पाहणे हा मोठा आनंद आहे, आणि सहल नेणे शक्य असल्यास जरूर न्यावी. शाळेच्या नित्य कामास मात्र घराजवळचा साधा चिखल्याच बरा.

सुरक्षिततेचे नियम थोडे परंतु कडक आहेत. मुलांनी चिखलात उतरू नये. बांधावर, धक्क्यावर किंवा कोरड्या पुळणीवरच बसावे. चढते पाणी समोरून येते असे वाटते. पुष्कळदा ते बाजूच्या नाळेतून मागे शिरून परतीची वाट बुडविते. म्हणून बसण्याची जागा गावातील जाणत्या कोळी बांधवास विचारून ठरवावी व जमल्यास त्यास बरोबर घ्यावे. निघताना व परतल्यावर मुले मोजावीत. मृत पक्षी आढळल्यास हात लावू नये. त्याच्या पायात कडे दिसल्यास त्यावरील अक्षरे व आकडे दुरून वाचून लिहून घ्यावेत आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवावेत. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा अभ्यास करीत आली आहे.

साहित्य फारसे लागत नाही. दुर्बीण असल्यास उत्तम. केंद्रातील सर्व शाळांत मिळून एक असली तरी चालते. वही मात्र पक्क्या बांधणीची असावी, कारण ती पुढच्या वर्गाच्या हाती जावयाची आहे. प्रत्येक फेरीस दिनांक, तिथी, पाऊणकीने काढलेली भरतीची वेळ, काठावर बसण्याची व उठण्याची वेळ आणि वारा यांची नोंद आधी करावी, पक्षी नंतर. पाण्याची पातळी मोजण्यास यंत्र नको. गावच्या धक्क्याच्या पायऱ्या खालून वर रंगाने क्रमांक घालून ठेवल्या म्हणजे ‘बसलो तेव्हा सात पायऱ्या उघड्या, उठलो तेव्हा दोन’ असे लिहिता येते. धक्का नसल्यास पुलाचा खांब किंवा बांधाचा मोठा दगड याच कामी येतो.

एप्रिलच्या अखेरीस थवे विरळ होतात. काही अजाण पक्षी, बहुधा पहिल्याच वर्षाचे, परत न जाता पावसाळाभर येथेच राहतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एखादी फेरी त्यांच्यासाठी अवश्य काढावी. तिथी बरोबर निवडूनही एखाद्या फेरीत एकही पक्षी दिसला नाही, तर वहीतील जागा कोरी सोडू नये. तेथे शून्य लिहावे, आणि शेजारी त्या वेळी किती पायऱ्या उघड्या होत्या तो आकडा लिहावा.